दाराआड काय दिसेल?

दुपारी सव्वाचारला चावीवाल्याने तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडायला नकार दिला.

बोलावणारा माणूस पन्नाशीचा, खांद्याला प्रवासी बॅग, घामाघूम. "आई आत एकटी आहे. फोन वाजतोय, उचलत नाही. लवकर करा हो!"

चावीवाल्याचा एक नियम होता. कुलपाला हात लावण्याआधी तो विचारायचा, दार उघडल्यावर समोर काय दिसेल? घरचा माणूस पटकन सांगतो, उपटसुंभ अडखळतो.

"समोर... शिलाईचं मशीन असायचं. आता माहीत नाही."

"आईचं घर, आणि माहीत नाही?"

"आमचं बोलणं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी आलोय."

"आणि नेमकी आजच आई आठवली!"

उतरताना त्याने समोर नव्याने राहायला आलेल्या काकूंना बजावलं, "लक्ष ठेवा. लक्षण ठीक नाही."

आपला नियम आजवर चुकलेला नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. ज्यांना परत पाठवलं त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र त्याला कधी कळलं नव्हतं.

दुकानात येऊन त्याने हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती किल्लीवर कानस चालवत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या आईच्या दाराआड काय आहे हो?"

"कोच. दुसरं काय असणार?"

"कोच तुमच्या ताईंनी केव्हाच नेला. मी जाते म्हणून मला ठाऊक. तुमचं आपलं या रविवारी, पुढच्या रविवारी."

तो हत्यारांची पिशवी उचलून धावत सुटला.

जिन्यावर गर्दी होती. त्या माणसाला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं.

"बरं झालं आलात," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात तसाच निघाला मेला. खांद्याने दार फोडत होता!"

"सोडा त्याला," चावीवाला म्हणाला आणि गुडघ्यावर बसला.

कुलूप चुटकीसरशी उघडलं. समोर मशीन नव्हतंच. पलंग होता, आणि पलंग व भिंतीच्या मधल्या फटीत म्हातारी पडली होती. श्वास चालू होता.

रुग्णालयात नर्सने विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?"

"माहीत नाही."

"मुलगाच ना तुम्ही?"

पिशवी घेऊन मागे उभा असलेला चावीवाला म्हणाला, "मुलगाच आहे."

बोलावलं तेव्हाच मी दार उघडलं असतं तर काही फरक पडला असता का, हे त्याने डॉक्टरांना दोनदा विचारायचं ठरवलं आणि दोनदा टाळलं. सात वाजता म्हातारी शुद्धीवर आलेली नव्हती.