विटांमागचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढा. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट आहे, त्याच्या मधल्या खणात मी राहतो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने पाचचा आकडा काढला आहे, कारण पूर्वी आम्ही सहा भावंडे होतो. आता मी एकटाच उरलो आहे.

कारखान्यात एका बाईने माझे दोन माइक चिमट्याने बसवले. ते इतके तिखट निघाले की तपासणीच्या टेबलावर मला पलीकडच्या खोलीतला पंखाही ऐकू आला. पुढे याच कानांचे कौतुक झाले आणि याच कानांचा मला त्रास झाला. माणसाला जे ऐकायचे नसते, ते त्याचे कान गाळून टाकतात. मला तशी सोय नाही.

विद्यार्थी रजिस्टरमध्ये सही करून मला घेऊन जात. रस्ते झाडणाऱ्या बायका, गटारात उतरणारे कामगार, आडनाव ऐकून घर नाकारलेली जोडपी, सगळे माझ्यापुढे बोलले. काही जण बोलता बोलता रडले. मुलाखत कागदावर उतरली की भांडारातले काका बटण दाबून मला पुसून टाकत. मग पुढचा विद्यार्थी, पुढचे दुःख.

मग मी चिमणीच्या हाती आलो. आवाज बारीक, म्हणून मैत्रिणी तिला चिमणी म्हणत. कामगारांसाठी बांधलेली एक चार मजली इमारत पाडून तिथे उड्डाणपुलाचा उतार होणार होता. राहणाऱ्यांना शहराच्या टोकाच्या उंच इमारतींत हलवले होते. घर सुटले म्हणजे नेमके काय सुटले, हे चिमणी त्यांना विचारत फिरत होती. लोक भिंतींबद्दल कमी आणि आवाजांबद्दल जास्त बोलत. नळाची शीळ, जिन्यावरच्या चपला, शेजारच्याचा खोकला. एक आजी म्हणाली, "इथं शेजारी मेला तरी कळायचं नाही, बाई. तिकडं नुसती कूस बदलली तरी कळायचं."

ते ऐकून चिमणीने ठरवले की त्या रिकाम्या खोल्यांचा आवाज भरून घ्यायचा. प्रत्येक खोलीचे एक मिनिट. तिच्या मार्गदर्शक मॅडम हसल्या. "अगं, रिकाम्या खोलीत काय ऐकणार आहेस तू?"

"तेच ऐकायचंय, मॅडम."

आम्ही गेलो तेव्हा रणरणती दुपार होती. पुन्हा कोणी घुसू नये म्हणून ठेकेदाराने दारे विटांनी बुजवली होती. चिमणी प्रत्येक दारापुढे उभी राही, मला विटांना टेकवी आणि मिनिटभर श्वास रोखल्यासारखी थांबे. दोन मजले झाले. तिसऱ्याच्या जिन्याशी वॉचमन आडवा आला.

"वर लवकर आटपा, ताई. मी नाही येत."

"का हो, काका?"

"दुपारचं मशीन चालतं तिथं. शिवणवाली होती एक."

"कुठे गेली ती?"

"गेली म्हणजे गेली," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

वर कोणी नव्हते. रस्त्यावरच्या गाड्यांचा घोंगावता आवाज तेवढा येत होता. शेवटून दुसऱ्या दारापाशी चिमणीने मला टेकवले. उभे राहून तिचे पाय भरून आले होते; ती सारखी या पायावरचा भार त्या पायावर घेत होती. तिला काही ऐकू आले नाही. मला आले. पण मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. मी फक्त साठवू शकतो.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या वाचनकक्षात तिने इअरफोन कानाला लावले. खोल्यांमागून खोल्या गेल्या आणि एकाएकी तिचा हात टेबलावरच थिजला. विटांमागे शिवणयंत्र चालत होते. पायडलची खडखड, दर तिसऱ्या फेऱ्याला एक बारीक कुरकुर, मग शांतता. आणि त्या शांततेत एक बाई अगदी जवळून म्हणाली, "सरळ उभी राहा गं. हलू नकोस."

चिमणीने इअरफोन फेकलेच. पुन्हा लावले, पुन्हा ऐकले. 

"गाड्यांचा आवाज असेल," मैत्रीण म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "उद्या रेकॉर्डर जमा कर. दुसऱ्या मुलाला हवाय." पाडकामाला चार दिवस उरले होते. चिमणी मला घेऊन पुनर्वसनाच्या कार्यालयात गेली. साहेबांनी एका कानाने ऐकले, यादीवर बोट ठेवले.

"खोली रिकामी आहे, मॅडम. इथं लिहिलंय."

"आत कोणीतरी आहे, साहेब!"

"यादीत नाही ना? मग नाही."

त्या दिवशी तिने मला जमा केले नाही. भांडारातल्या काकांचे तीन फोन आले; तिने उचलले नाहीत. ती शहराच्या टोकाला गेली आणि त्या बोलक्या आजीच्या दारात मला सुरू केले. आसपासच्या बायका जमल्या. पहिल्याच कुरकुरीला आजी मटकन खाली बसली.

"हे तर शिवणआत्याचं मशीन! बारा वर्षं आमच्या डोक्यावर वाजलंय ते."

"ती वारली ना?" कोणीतरी विचारले.

"कोण म्हणालं? मी तर तुझ्याकडूनच ऐकलं," दुसरी म्हणाली.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीने दुसरीकडून ऐकले होते. स्वतः कोणीच पाहिले नव्हते.

पाडकामाच्या सकाळी बावीस बायका बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या. मुकादम वैतागला, साहेबांना बोलावणे गेले. त्यांच्या देखत विटा काढल्या. मी चिमणीच्या मुठीत सुरूच होतो. धुळीच्या पलीकडे, मागच्या गॅलरीच्या उजेडात, एक वाळकी बाई मशीनशी बसली होती. तिच्यामागे भिंतभर घड्या होत्या: शाळेचे गणवेश, फ्रॉक, शर्ट. प्रत्येक घडीवर चिठ्ठी टाचलेली.

"आत्या, तुम्ही इथे कशा?" आजीने हंबरडा फोडला.

शिवणआत्याने ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या. खोली तिच्या वारलेल्या भावाच्या नावावर होती, म्हणून यादीत ती नव्हती. दारे पुढून बुजवली, पण मागचा सफाईचा जिना कोणी पाहिलाच नाही. पहाटे त्यावरून उतरून ती पाणी आणि पाव आणत होती.

"पण निघून का नाही गेलात?" चिमणीने विचारले.

"लोकांचं कापड होतं माझ्याकडे. तुम्ही सगळे एका सकाळीत गेलात. ते टाकून कुठे जाणार मी? पोरं वाढली असतील, म्हणून मापं अंदाजानं वाढवत गेले."

साहेबांनी मान खाली घालून यादी काढली. चिमणीने इअरफोन आत्याच्या कानाला लावले. मशीन ऐकून ती हसली. मग तिचे हसू विरले. तिने तो तुकडा पुन्हा ऐकला.

"मशीन माझंच आहे. पण बोलतेय ती मी नाही."

"आत्या, खोलीत तुम्ही एकट्याच होतात ना?"

"अगं, काम करताना माझ्या तोंडात टाचण्या असतात. बोलेन कशी?"

बायकांनी नकळत एकमेकींचे हात धरले. साहेबांनी घसा साफ करून विचारले, "या खोलीत किती माणसं लिहू?"

शिवणआत्याने मशीनसमोरच्या, माप घ्यायच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिले.

"दोन लिहा," ती म्हणाली.

साहेबांनी दोन लिहिले.

मित्रांनो, तिला घर मिळाले. इमारत पडली. चिमणीच्या प्रबंधाचे कौतुक झाले आणि मी पुन्हा कपाटात आलो, या वेळी न पुसता. आता माझी बॅटरी फुगली आहे, कोणी मला मागत नाही. पण माझ्यात काय आहे ते मी जाणतो. मी खोटे भरत नाही. जे समोर असते तेच माझ्यात येते. काकांनी मला निकालात काढायच्या यादीत घातले आहे. एवढेच मागतो, की कोणाचाही आवाज पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि कोणी नाही असे तुम्हाला कोणी सांगितले, तर दार उघडून स्वतः पाहा.