अजून दिवस हाय

डिसेंबर २०२२. कणकुंबीच्या पुढं, दरीकडे जाणाऱ्या जंगलाच्या फाटकावर वनरक्षकानं खाण्याचा डबा गाडीतच ठेवायला लावला, तेव्हा कुंथुनाथांनी इन्सुलिनची सुई टोचून घेऊन पाच मिनिटं झाली होती.

"आत माकडं लई हायत, काकी. डबा दिसला की अंगावरच येत्यात."

लक्ष्मीबाईंनी मुलाकडे, श्रेयसकडे पाहिलं. दरीच्या काठावर बसून जेवायचं ठरलं होतं, म्हणून तर सुई गाडीत घेतली. सुईनंतर अर्ध्या तासात पोटात काही गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दिवस मावळला की कुंथुनाथ पाण्याचा घोटही घेत नसत. त्रेचाळीस वर्षांचं व्रत.

"इथंच दोन घास खावा की," त्या म्हणाल्या.

"धा मिनिटांची वाट हाय. बघून येऊ, मग खातो." काठी त्यांनी आधीच पुढं टेकवली होती.

तंबाखूचे ट्रक घेऊन ते या घाटानं गोव्याला जात, तेव्हापासून ही दरी बायकोला दाखवायची राहिली होती. आता त्यांच्या डोळ्यांत उजेडही उरला नव्हता.

"चाळीस वर्षं नुसतं सांगत आलासा. डोळं गेल्यावर मुहूर्त घावला व्हय?"

"तुझं हायत न्हवं? काठावर ने आणि सांग. खरं हाय तेवढंच सांग. माझं मन राखाय भर घालू नको."

काठावर लोखंडी कठडा होता. कुंथुनाथांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"पाणी कुठं पडतंय?"

"पाणी न्हाय. कड्यावर नुसती वली रेघ हाय."

"मावळतीला तीन डोंगर, एकामागं एक?"

"दोनच दिसत्यात. तिसरा धुक्यात गेलाय."

ते हसले. "आणि सूर्य?"

"चार बोटं वर हाय."

ते कठडा सोडेनात. कुठं लाल माती दिसते, कुठं झाडी, खाली नदी वळते ती कोणत्या हाताला, विचारतच राहिले. श्रेयसनं दोनदा घड्याळ पाहिलं.

परतताना झाडीत लक्ष्मीबाईंच्या दंडावरची त्यांची बोटं घामानं ओली झाली. मग पाय अडखळू लागले. शब्द जड येऊ लागले. श्रेयसनं त्यांना काखेत धरलं. सून दिव्या डबा काढायला पुढं पळाली.

ते गाडीशी पोचले तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरचंही ऊन गेलं होतं. वनरक्षक फाटक ओढून घेत होता. दिव्यानं सासऱ्यांच्या तळहातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. हात तोंडाकडे गेला नाही.

"बुडला का दिवस?"

श्रेयस म्हणाला, "आप्पा, आता ते राहू दे—"

"मी तुझ्या आईला विचारतोय."

लक्ष्मीबाईंनी मावळतीकडे पाहिलं.

"न्हाय. अजून दिवस हाय. पाच मिनिटं हायत बुडायला. खावा बिगीबिगी."

कुंथुनाथांनी चेहरा मावळतीकडे वळवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग लाडू मोडून तोंडात घातला.

रात्री ते निपाणीला घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी पानावर बसताना ते म्हणाले, "आज माझ्यात मीठ नको, गं."

ना अष्टमी होती ना चतुर्दशी. हातून नेम मोडला तर एक दिवस अळणी जेवायचं, अशी त्या घरातली जुनी रीत होती. लक्ष्मीबाईंनी त्यांना आमटी वाढली आणि त्याच पातेल्यातली आपल्या ताटात घेतली. मिठाच्या बरणीचं झाकण वाजलं नाही, तशी कुंथुनाथांनी मान वर केली. मग ते जेवू लागले.

पुढच्या वर्षी पर्युषण आटोपल्यावर आठच दिवसांत ते गेले. श्रेयसची बदली हुबळीला झाली. दिव्या तिथल्याच शाळेत शिकवते. लक्ष्मीबाई निपाणीतच राहतात, आणि वर्षातून एक दिवस अळणी जेवतात.

सुट्टीत सगळे जमले, की श्रेयस पाहुण्यांना हसत सांगतो, त्या दिवशी आईनं आप्पांना कसं फसवलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. लक्ष्मीबाई ऐकून घेतात. एकदाही त्यांनी त्याची चूक काढलेली नाही.