दोन बोटांची जागा

मला पागेत सगळे दाभण म्हणतात. चामडं शिवते म्हणून, असं तोंडावर सांगतात. टोचते म्हणून, असं पाठीमागे म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. टोचते तर टोचते.

मामांची घोडेस्वारीची शाळा होती आणि तिथली लगामांची खोली माझी. आई-वडील गेल्यावर मामांनी मला घरी आणलं, तेव्हा मी म्हणे कुणाशी बोलेना की रडेना, नुसती त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून एका तुटक्या पट्ट्याचे टाके उसवत होते. मामा म्हणाले, ‘बसू दे तिथेच.’ ती जी बसले ती बसलेच. पुढे मोठी झाले आणि खोलीची किल्ली माझ्या कमरेला आली. खिळ्यावर लगाम टांगलेला मला खपत नाही, डोक्यावरून जाणारा पट्टा तिथेच मोडतो. म्हणून माझ्या सगळ्या खुंट्या गोल लाकडाच्या, वाटीएवढ्या. स्वारी झाली की कडियाळं, म्हणजे घोड्याच्या तोंडात जाते ती लोखंडी दांडी, तिथल्या तिथे पाण्यात बुडवायचं. चामडं ओल्या फडक्यानं पुसायचं, साबण लावायचा, तेल अगदी बेतानं आणि उन्हात तर मुळीच ठेवायचं नाही. गवताची लाळ कडियाळ्यावर वाळली की खरखरीत होते. ‘त्यानं काय होतंय,’ असं कुणी म्हटलं की मी सांगते, कालचा न धुतलेला चमचा तोंडात घालून बघा.

आता काकू. काकू ही घोडी. राखाडी, ठेंगणी, आल्यागेल्याला नाक मुरडणारी, म्हणून घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांनी ठेवलेलं नाव. मामांची मुलगी, आमची धाकटी, तिच्यावर बसायची. संघाची निवड जवळ आली होती, स्पर्धा आमच्याच मैदानावर होती, आणि काकू पहिल्याच वळणाला आ वासायची. घोड्यानं तोंड उघडलं की परीक्षक गुण कापतात.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. काकूची जीभ जाड आणि तोंड लहान, म्हणून जाडं कडियाळं काढून बारीक घातलं. मग मधे दोन सांधे असलेलं घातलं. ओठाच्या कोपऱ्यात एकच सुरकुती पडेल इतकंच वर घेतलं. घोड्यांच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावून दातांच्या कडाही घासून घेतल्या. मी बसले की काकू तोंड मिटून चालायची, मोतद्दार बसला तरी तेच. धाकटी बसली की आ. नाचता येईना अंगण वाकडं. तिचा हात जड होता, लगाम धरला की लोंबकळायची ती, आणि हे पागेतल्या झाडूवाल्यापासून खुद्द मामांपर्यंत सगळ्यांना दिसत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

मामा एका सकाळी खोलीत आले आणि काकूचा लगाम माझ्या मांडीवर टाकला.

‘नाकपट्ट्याला आणखी दोन भोकं पाड. आत.’

नाकपट्टा म्हणजे नाकाभोवती फिरून हनुवटीमागे बक्कलानं बसतो तो. त्याच्याखाली, नाकाच्या हाडावर अगदी समोर, दोन बोटं आडवी गेली पाहिजेत. समोर. लबाड लोक बाजूला गालाच्या मऊ जागी बोटं खुपसतात आणि ‘जातात की’ म्हणतात. दोन भोकं आत घेतली असती तर बोट सोडा, कागद गेला नसता. काकूला तोंड उघडता आलं नसतं आणि दुखणं जागच्या जागी राहिलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

‘नाही पाडणार,’ मी म्हटलं.

‘भोकं पाडायचा पंच तुझ्याकडे असतो म्हणून सांगतोय. विचारत नाहीये.’

‘पंच माझ्याकडे असतो म्हणूनच नाही म्हणतेय.’

मामांना नकाराची सवय नव्हती. ‘कुणाच्या घरात बसून बोलतेयस?’ एवढंच म्हणाले आणि गेले.

दुपारी मामी आल्या. मामी वाईट नाहीत, पण त्यांना सगळं गोडीगुलाबीनं मिटवायचं असतं. ‘एवढंसं भोक गं. पोरीचं सगळं वर्ष त्यावर आहे. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.’

‘मामी, तुमचं तोंड रुमालानं आवळते आणि पायावर वरवंटा सोडते. बघू किती गोड बोलता.’

‘मेली जीभ आहे का सुरी!’ असं म्हणून मामी हसल्या. मग हसू आल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या आणि निघून गेल्या.

शेवटी धाकटी आली. दारातल्या पायरीवर बसली, लहानपणी बसायची तशी. तिला पहिल्यांदा घोड्यावर मीच उचलून बसवलं होतं, हे तिलाही आठवत होतं आणि मलाही.

‘ताई, एकदाच. निवड झाली की ढिला कर.’

‘निवड झाली की तुझा हात हलका होणार आहे का?’

‘माझा हात?’

‘तुझा हात. कडियाळं दोनदा बदलून झालं. हात बदलायचा तेवढा राहिलाय.’

तिचा चेहरा खर्रकन उतरला. कुणीच तिला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं ते असं, मुस्काटात मारल्यासारखं. मला वाईट वाटलं. शब्द मात्र मी मागे घेतला नाही.

‘खरी दाभण आहेस तू,’ ती म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर काकूचा लगाम खुंटीवर उलटा टांगलेला. नाकपट्ट्याला आत दोन भोकं. खिळ्यानं पाडलेली, फाटक्या कडांची. दुसरी किल्ली मामांकडे होती हे मी विसरले होते. भोकात करंगळी फिरवली आणि माझं डोकंच फिरलं. आज काकू, उद्या दुसरा कुणी. एकदा खिळा हातात आला की माणसाला प्रत्येक पट्ट्यात भोक दिसायला लागतं.

मैदान तयार करायला पागेला दोन दिवस सुट्टी होती. घोडे नुसते उभे. मी प्रत्येकाला त्याचा लगाम चढवला, नाकाच्या हाडावर दोन बोटं ठेवली, खूण केली आणि खोलीत येऊन रांपीनं, चामडं कापायच्या सुरीनं, बक्कल कापून काढलं. मग दोन्ही टोकं एकावर एक घेऊन मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवून टाकली. आता पट्ट्याचं कडं झालं. जरा खटपट करून नाकावरून चढतं, पण आवळायला काही उरत नाही. काकूच्या पट्ट्याची फाटकी भोकं कापून टाकली आणि नवा तुकडा जोडला. मग बाकीच्यांचे. लंगडा म्हातारा आहे आमच्याकडे, ज्याच्यावर आता फक्त लहान मुलं फेऱ्या मारतात, त्याचाही शिवला. त्याला कोण आवळणार होतं? पण सोडायचा का म्हणून? दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या पागेत नाकपट्ट्याचं एकही बक्कल शिल्लक नव्हतं. बोटं सोलवटली होती आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी मामांनी काकूच्या हनुवटीमागे हात घातला, बक्कल शोधलं, पुन्हा शोधलं.

‘हे काय आहे?’

‘शिवलाय,’ मी म्हटलं.

‘दुसरा आण.’

‘दुसरे पण शिवलेत.’

मामा ताडताड खोलीकडे गेले. मी मागून गेले नाही. एकामागून एक लगाम खाली पडल्याचे आवाज येत होते. परत आले तेव्हा मामांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. बाहेरून आलेल्या मंडळींकडे पट्टा मागावा तर अब्रू जाते, न मागावा तर काकू आ वासते. धाकटीचं नाव पुकारलं. ती माझ्याकडे न बघता घोडीवर चढली.

पहिल्या वळणाला काकूनं आ वासला. साऱ्या मैदानानं पाहिला. दुसऱ्या वळणालाही. मी कठड्याला धरून उभी होते. ती माझी धाकटी होती आणि लोक कुजबुजत होते. शेवटच्या लांब पट्टीवर तिनं हात पुढे सोडले. थकून सोडले, की रडू आलं म्हणून, की आणखी कशानं, मला तेव्हा कळलं नाही. काकूनं तोंड मिटलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. निवड दुसऱ्याच मुलीची झाली.

मंडळी गेल्यावर मामा खोलीत आले. त्यांच्या हातात माझीच रांपी होती. ‘सगळे उसव. बक्कलं लाव. आणि माझ्या पोरीची माफी माग. नाहीतर या घरात तुला जागा नाही.’

‘तुम्ही मला वाढवलंत,’ मी म्हटलं. ‘त्यासाठी तुमचे पाय धुवायला सांगा, धुते. हे मात्र उसवणार नाही आणि माफीही मागणार नाही.’

‘ठीक आहे. मी कापतो.’ त्यांनी जवळचा लगाम ओढला.

‘बाबा!’

धाकटी दारात होती. डोळे सुजलेले, अंगावर अजून स्वारीचेच कपडे. तिनं वडिलांच्या हातातून लगाम काढून घेतला आणि पुन्हा गोल खुंटीवर नीट टांगला.

‘हिला घराबाहेर काढायचं तर काढा,’ ती म्हणाली. ‘मला तिचं तोंड बघायचं नाही. पण पट्ट्यांना हात लावायचा नाही. वर मी बसले होते. मी ओढलं की ती उघडत होती आणि मी सोडलं की मिटत होती. मला ते कळलं. आवळून बांधली असती तर कधी कळलं असतं?’

मामांनी रांपी खाली ठेवली. दारामागे मामी उभ्या होत्या. धाकटीच्या त्या पहिल्या वाक्यानं मला जे लागलं ते कुठल्या दाभणानं लागलं नसतं, आणि तरीही मला तिचा इतका अभिमान वाटला की तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. आमच्याकडे सगळेच ताठ मानेचे. मामा ‘थांब’ म्हणाले नाहीत, मी ‘चुकले’ म्हटलं नाही, आणि दिवस मावळायच्या आत मी पिशवी उचलली.

आता मी बाजाराच्या गल्लीत एका दुकानात बॅगा, पट्टे, चपला शिवते. मालक भला आहे. गिऱ्हाइकांना मी टोचते अशी त्याची तक्रार असते, आणि गिऱ्हाइकं तरीही येतात. मामींचा निरोप येतो, तब्येत कशी आहे म्हणून. धाकटीचा कधी आला नाही. मीही पाठवला नाही.

परवा भर दुपारी गल्लीत एकदम हॉर्न वाजायला लागले. मी मान वर केली नाही, चेन बसवत होते. समोर फळीवर कुणीतरी एक चामड्याचं कडं आपटलं. काकूचा नाकपट्टा. घासून घासून शिवण सुटली होती.

धाकटी उभी होती. हनुवटी वर, जणू माझ्याशी भांडायलाच आली होती.

‘उद्या स्पर्धा आहे. पट्टा नसला तर आत सोडत नाहीत. शिवून दे.’

‘बक्कल लावून देऊ?’ मी मुद्दाम विचारलं.

‘लावून तर बघ.’

मी उठून तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. काकू मोतद्दाराला न घेताच आली होती. धाकटी एवढ्या वर्दळीतून तिच्यावर बसून आली होती आणि लगाम नुसता दाराच्या कडीला अडकवला होता. दोन्ही बाजूंनी स्कूटर जात होत्या, एक टेम्पो कर्कश बोंबलत होता. काकू कान हलवत उभी होती. नाकाभोवती काहीच बांधलेलं नव्हतं आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. ओठ इतके सैल, की कडियाळं नुसतं चघळत असावी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सुईत दोरा जाईना.

‘रडतेस काय?’ धाकटी म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. ‘शीव. दोन बोटं.’