चौघांचे टेबल

गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारी, दिवेलागण होऊन गेल्यावर, कापडबाजाराच्या कोपऱ्यावरील एका लहानशा रेस्टॉरंटच्या दारात, वजनमापे खात्यातील एका निरीक्षकाला आपली बायको खोटे बोलू शकते असा शोध लागला. लग्नाला सत्तावीस वर्षे उलटल्यावर लागलेला हा शोध तसा उशिराचाच म्हणायचा. आणि ज्या वाक्यातून तो लागला, ते वाक्य तर अगदी किरकोळ होते.

"दोघं मागून येतायत," ती मॅनेजरला म्हणाली.

निरीक्षकाने मागे वळून पाहिले. मागे काचेचे दार होते आणि दाराबाहेर टेबल मिळण्याची वाट पाहत थंडीत उभ्या असलेल्या लोकांची रांग होती. त्यांतले कोणीही त्यांच्या ओळखीचे नव्हते.

मॅनेजर किडकिडीत माणूस होता. तीच ती वाक्ये उच्चारून त्याचा आवाज बसलेला होता. "चौघंही आल्याशिवाय बसवता येत नाही, बाई," तो म्हणाला. "शनिवारी तसा नियमच आहे. बाकावर बसा. पंधरा मिनिटं टेबल राखून ठेवतो."

कोट अडकवायच्या खुंट्यांखाली एक अरुंद बाक होता. त्यावर दोघे बसली. समोरच्या लाकडी जाळीतून आतली टेबले दिसत होती, आणि भिंतीलगतचे एक चौघांचे टेबल, पांढरे आच्छादन घालून, चार पेले उपडे ठेवून, सज्ज होते.

"कोण दोघं?" निरीक्षकाने विचारले.

"हळू बोला."

"हळूच विचारतोय. कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग तू त्याला—"

"अहो, दोघांसाठी फोनवर टेबल घेतच नाहीत इथे. दोघं असाल तर रांगेत उभं राहा म्हणतात. तुम्ही राहिला असतात उभे? दुकानाच्या रांगेत पाच माणसं दिसली की तुम्ही दूध न घेता घरी येता."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"मी सांगितलं नाही. फोनवरची पोरगी म्हणाली, दोघांसाठी नाही, चौघांसाठी घेतो. मग जरा थांबली, आणि म्हणाली, 'मग किती लिहू, मावशी?' आता यावर माणसानं काय म्हणायचं?"

"दोन म्हणायचं!"

"तुम्ही म्हणाला असतात," बायको म्हणाली. "म्हणूनच फोन मी केला."

खात्यात निरीक्षकाला 'काटेसाहेब' म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठीमागे वैतागाने. त्या दिवशी सकाळपासून त्याने कोळशाच्या तीन वखारी तपासल्या होत्या, एका वखारीचा खोटे वजन दाखवणारा तराजू सील केला होता, आणि सील करू नये म्हणून वखारवाल्याने सांगितलेल्या कहाण्या तासभर उभ्याने ऐकल्या होत्या. त्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. खोटे निभावून न्यायला अंगात एक प्रकारची तरतरी लागते. कोण येणार, कुठे अडकले, अजून का आले नाहीत, हे सगळे रचावे लागते. तेवढी तरतरी त्याच्यापाशी उरली नव्हती. त्याच्या सचोटीत त्या संध्याकाळी तत्त्व किती आणि थकवा किती, याचे माप त्यालाही काढता आले नसते.

पण तत्त्व होते, हेही नाकारता येत नाही. "हे बघ," तो म्हणाला, "आपण दोघं चार जागा अडवणार. दोन रिकाम्या राहणार. त्या कुणाच्या तरी आहेत. त्या बाहेर पाय आपटत उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या बघ."

"बघितल्या. त्यांनीही फोन करायचा."

"आणि खोटं बोलायचं?"

"हो!" बायको म्हणाली. मग पर्समधून रुमाल काढून तिने उगीचच हात पुसले, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मला एकदा तुमच्यासमोर बसून जेवायचंय. तुम्ही कसे जेवता तेच विसरले मी."

हे वाक्य विनोदाचे होते आणि शब्दशः खरेही होते. निरीक्षकाच्या आईला शेवटची नऊ वर्षे क्षणभरही एकटे सोडण्याची सोय नव्हती. डोळा चुकला की ती दार उघडून चालू लागे, आणि पुढे पुढे, चालणे थांबल्यावर, हाताला लागेल ते तोंडात घाली. त्यामुळे घरात जेवणे पाळीपाळीने होत. एकाने आईजवळ बसावे, दुसऱ्याने स्वयंपाकघरात चार घास घशाखाली उतरवावेत, आणि मग अदलाबदल. श्रावणबाळ म्हणून नातलगांनी निरीक्षकाचे कौतुक केले. त्याच्या बायकोचे कौतुक करण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. आई वारली त्याला आता चार महिने झाले होते. तरी दोघांची जेवणे अजून पाळीनेच होत होती. ती वाढून घेई तेव्हा तो आपोआप उठून आईच्या रिकाम्या खोलीशी जाऊन उभा राही; त्याचे ताट वाढले गेले की ती उठे. दोनदा तिने त्याला बळेच समोर बसवले, आणि दोन्ही वेळा दोघांपैकी कोणीतरी, खोलीतून काही आवाज आला असे वाटून, घास हातात घेऊन उठले होते. घराला ती खोड लागली होती. म्हणून घराबाहेरचे टेबल.

हे सारे निरीक्षकाला कळत होते. आणि तरीही, जाळीपलीकडचे ते चार पालथे पेले पाहताना, त्याला वखारीतला तराजू दिसू लागला. सकाळी एका माणसाला ज्या गोष्टीसाठी आपण धारेवर धरले, तीच गोष्ट संध्याकाळी आपण पोटात घालणार, हे त्याच्या घशाखाली उतरेना. तो उठला.

"कुठे चाललात?"

"आलोच."

"अहो, बसा. माझं ऐका. बसा!"

पण तो मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिला होता. मॅनेजरच्या शेजारी, पाण्याचे जग पुसत, मालकीणबाई उभ्या होत्या.

"मला एक सांगायचंय," निरीक्षक म्हणाला. "आम्ही चौघं नाही. दोघंच आहोत. मागून कोणी येणार नाही."

मॅनेजरने डोळे मिटले आणि उघडले. मालकीणबाईंनी जग पुसणे थांबवले.

"कशाला सांगितलंत, साहेब?" मॅनेजर बसक्या आवाजात पुटपुटला. "मला काय कळत नाही? दर शनिवारी निम्मी चौघं ही दोघंच असतात. पंधरा मिनिटं झाली की मी जवळ येऊन म्हणतो, तुमची मंडळी अडकलेली दिसतात, तुम्ही सुरू करा. त्यांची लाज राहते, आमचं टेबल भरतं. आता तुम्ही तोंडानंच सांगितलंत, तेही यांच्यासमोर."

"शनिवारी चौघांचं टेबल दोघांना नाही," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या; हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटले असावे की त्यात राग उरलाच नव्हता. "रांगेत थांबा. दोघांचं मोकळं झालं की बोलावू."

निरीक्षकाने वळून पाहिले. बायकोने आपला कोट खुंटीवरून काढून घातला होता. ती ओरडली असती तर त्याला उत्तर देता आले असते.

रांगेच्या शेवटी दोघे उभी राहिली. पुढे आठ-दहा जोड्या होत्या, एक तिघांचा घोळका होता, आणि गार वारा होता. आपण योग्य तेच केले याची निरीक्षकाला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीची ऊब काही केल्या अंगाला लागत नव्हती. काचेतून ते भिंतीलगतचे टेबल अजून तसेच रिकामे दिसत होते.

थोड्या वेळाने दार उघडून मॅनेजर बाहेर आला. "कोणी चौघं आहेत का? चौघांचं टेबल आहे!"

कोणी बोलले नाही. चौघे असणारे फोन करून येतात. रांगेत उभे राहणारे दोघे-तिघेच असतात. मॅनेजरने पुन्हा विचारले. तेव्हा निरीक्षकाच्या डोक्यात एक विचार चमकला, आणि तो त्याला इतका निर्दोष वाटला की त्याने तो तपासूनही पाहिला नाही. तो रांगेच्या तोंडाशी गेला, जिथे त्या दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही दोघी, आम्ही दोघं. एकत्र बसायची तयारी आहे?"

"बसू की!" त्यांतली धाकटी म्हणाली. "माझे तर गुडघे गळून पडले. अगं ए, चल, हे भले गृहस्थ बसवतायत आपल्याला."

"काय वसवतायत?" थोरलीने विचारले.

"चल गं!"

"आम्ही चौघं आहोत," निरीक्षक मॅनेजरला म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा झाला.

"अहो," मागून येत बायको म्हणाली, "हे काय?"

"आता खोटं नाही. मोज हवं तर."

"हे बरंय!" तिघांच्या घोळक्यातला एकजण ओरडला. "शेवटचे एकदम पहिले! मग आम्हालाही एक माणूस उसना द्या ना!"

"विचारलं तेव्हा काय दातखीळ बसली होती?" मॅनेजर म्हणाला, आणि त्याने दार धरले.

निरीक्षक आत शिरला. पण त्या तरुणाचे बोलणे त्याच्या मनाला लागून राहिले. संख्या खरी केली, आणि आठ-दहा जोड्यांची पाळी मारली. खोट्या आकड्याने दोन खुर्च्या अडल्या असत्या. खऱ्या आकड्याने अख्खी रांग ओलांडली. त्याने हे घटकाभर मनात तोलले आणि आवंढ्यासरशी गिळून टाकले.

बसण्याचाही प्रश्न आला. थोरलीला डाव्याच कानाने ऐकू येई, आणि धाकटीला भिंतीकडे पाठ लागे. त्यामुळे बरीच हलवाहलव होऊन निरीक्षक थोरलीच्या डाव्या हाताला बसला, धाकटी त्याच्या समोर आली, आणि बायको तिरक्या कोपऱ्यात गेली. त्याला तिच्याकडे पाहायचे तर पुढे झुकलेल्या थोरलीच्या डोक्यावरून मान वाकडी करावी लागे.

सूप येईपर्यंत सारे ठीक होते. मग धाकटीने विचारले, "आपण काय करता?"

"वजनमापे खात्यात आहे. निरीक्षक."

धाकटीने चमचा खाली ठेवला. "अगं ताई, ऐकलंस का? हे वजनमापेवाले!"

"मग सांग त्यांना," थोरली म्हणाली, "त्या पिठाचं."

आणि धाकटीने सांगायला घेतले. पिठाच्या पिशवीत मूठभर पीठ नेहमी कमी भरते, ते सांगितले. तेल मोजताना दुकानदार माप तिरपे धरतो, ते हातात पाण्याचा पेला घेऊन, आच्छादनावर थोडे सांडून, करून दाखवले. एका शिंप्याने पडद्याच्या कापडात वीतभर मारले होते. त्याला वीस वर्षे झाली होती आणि तो शिंपीही आता हयात नव्हता, पण त्याच्यावर काय करता येईल असे तिने विचारले. मध्येच थोरली "पीठ सांगितलंस का?" असे विचारी, आणि पीठ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. निरीक्षकाला कोणाचीही तक्रार अर्धवट ऐकण्याची सवय नव्हती. तो मान हलवत राहिला, कलमे समजावत राहिला, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचे ते सांगत राहिला. त्याचे सूप साय धरून थिजले. भाजलेला मासा आला आणि तोही निवत गेला.

एकदा त्याने मान वाकडी करून कोपऱ्याकडे पाहिले. बायको सावकाश, खाली पाहून जेवत होती. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा तिचे ताट रिकामे झाले होते आणि ती हात मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसली होती. तेव्हा कुठे बहिणींनी गोड काय आहे याची चौकशी सुरू केली, निरीक्षकाची सुटका झाली, आणि त्याने आपला गार मासा खायला घेतला. त्याचे झाल्यावर उठायचे, एवढ्यासाठी ती थांबली होती.

"किती चांगली माणसं भेटली!" निरोप घेताना धाकटी म्हणाली. "पुन्हा एकदा बसू या असंच."

रस्त्यावर दुकाने बंद होत होती. काही पावले चालल्यावर निरीक्षकाला राहवेना.

"मी चुकलो का?" तो म्हणाला. "तू सांग. टेबल चौघांचं होतं, बसलो चौघं. त्यांचं काही गेलं नाही, त्या दोघींची सोय झाली. आता रांगेतली पाळी मोडली, ते मला मान्य आहे. ते अगदीच निर्मळ झालं नाही. पण आधी जे होणार होतं त्यापेक्षा—"

"बोलणं झालं तुमचं?"

"झालं."

"तुमचं बरोबर होतं," बायको म्हणाली. "मी खोटं बोलले, ते चूकच होतं. पण आजचं जेवण मी धरत नाही. पुढच्या शनिवारी मी पुन्हा फोन करणार, चौघं म्हणूनच सांगणार, आणि तुम्ही बाकावर गप्प बसणार."