डोंगरीवर दोन विहिणी

शिशिर आणि अनुश्रीच्या लग्नाला आठ महिने होऊन गेले होते, तरी दोघांच्या आया एकमेकींशी अजून पाहुण्यासारख्या वागत होत्या. शिशिरची आई शारदाबाई मूळची वर्ध्याकडची, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे रायपुरात आलेली. अनुश्रीची आई पूर्णिमाताई पुरानी बस्तीतल्या, भोसल्यांच्या काळापासून इथंच रुजलेल्या घरातल्या. भेटल्या की दोघी हसत, "तुम्ही घ्या", "नाही, आधी तुम्ही" म्हणत, आणि घरी आल्यावर दमून पडत.

म्हणून अनुश्रीनं रविवारी सगळ्यांना डोंगरीवर न्यायचं ठरवलं. नव्या रायपूरच्या पुढं, महानदीच्या बाजूला एक छोटी टेकडी होती. जंगल खात्यानं तिच्याभोवती पायवाट केली होती. एका बाजूनं चढायचं, माथ्यावरून दुसऱ्या बाजूनं उतरायचं आणि पुन्हा फाटकाशी यायचं.

सकाळी फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा मागचं चाक बसलेलं दिसलं.

"मम्मी, आप लोग चलो, ऊन होईल," अनुश्री आईला म्हणाली. "टायर बदलके हम आते हैं पीछे से."

फाटकावरच्या भैय्यालालला शारदाबाईंनी विचारलं, "भैया, ऊपर जानवर-वानवर तो नहीं ना?"

"हव दीदी, भालू हे," तो शांतपणे म्हणाला. "फेर घाम म सुत जाथे." म्हणजे अस्वल आहे, पण ऊन चढलं की झोपतं. ऊन अजून चढायचं होतं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्याच चढावर शारदाबाईंचा गुडघा बोलू लागला. पण पूर्णिमाताई पुढं चालल्या होत्या, त्यांना थांबवायचं कसं? पूर्णिमाताईंचा श्वास फुलला होता. पण विहीणबाई मागून एवढ्या सरसर येत आहेत म्हटल्यावर बसायचं कसं?

"बसता काय थोडं?" शारदाबाईंनी शेवटी विचारलं.

"तुम्ही थकल्या असाल तर बसू."

"मी कायले थकते! तुमच्यासाठी म्हटलं."

"मले तर काहीच नाही होऊन राहिलं," पूर्णिमाताई म्हणाल्या, आणि दोघी पुन्हा चालू लागल्या. पळस फुललेला होता, पण त्याच्याकडं मान वर करून बघायचं त्राण कोणातच नव्हतं.

एका वळणावर मोहाचं मोठं झाड लागलं. खाली पिवळट फुलांचा सडा आणि त्याचा गोड, आंबूस वास. झाडामागून कोणीतरी नाक ओढतंय असा आवाज येत होता.

"फुलं वेचणारी बाई दिसते," शारदाबाई म्हणाल्या.

बाई नव्हती. केसांचा काळा ढीग हलला, पांढुरकं लांब तोंड वर आलं आणि अस्वलानं दोघींकडं पाहिलं.

पूर्णिमाताईंनी विहिणीचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "पळू नका," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "जंगल खात्यातले आमचे गोदूकाका सांगायचे, पळायचं नाही. मागं मागं सरका."

दोघी एकमेकींना धरून, पाठ न फिरवता, वरच्या खडकाआड सरकल्या. अस्वलानं हवेत वास घेतला, फुसकन आवाज केला आणि पुन्हा फुलांत तोंड घातलं. दोघी बघत राहिल्या. ते किती मन लावून खात होतं! एकेक फूल ओठांनी ओढून घ्यायचं, मध्येच मागच्या पायानं कान खाजवायचं. पोट भरल्यावर ते डुलत डुलत पायवाटेवर आलं आणि दोघी ज्या वाटेनं चढल्या होत्या, तिच्याच कडेच्या सावलीत जाऊन बसलं.

आता खाली जायची सोयच उरली नाही. पूर्णिमाताईंनी अनुश्रीला फोन लावला. "वर येऊ नका. भालू बसून आहे वाटेवर. भैय्यालालले सांगा. आम्ही पलीकडून उतरतो."

माथ्यावर पोचल्यावर दोघी सपाट कातळावर अक्षरशः कोसळल्या. पूर्वेला महानदीची रेती आणि तिच्यात पाण्याची बारीक रेघ. पश्चिमेला कापून झालेली धानाची शेतं आणि त्यांच्या पलीकडं, धुरकट, नव्या रायपूरचे सरळसोट रस्ते. वारा लागत होता.

"एक सांगू?" शारदाबाई म्हणाल्या. "मी तर पहिल्या चढावरूनच वापस जायचं म्हणत होती."

पूर्णिमाताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "मग बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही चालून राहिल्या होत्या ना!"

"अहो, तुम्ही मागून येऊन राहिल्या म्हणून मी चालत होती!"

आधी शारदाबाई हसल्या, मग पूर्णिमाताई. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग इतरही गोष्टी निघाल्या. पूर्णिमाताईंनी पाठवलेलं लोणचं शारदाबाईंना तिखट लागायचं. शारदाबाईंकडं जेवायला जायचं म्हणजे पूर्णिमाताई आदल्या दिवशी उपास करायच्या, कारण "घ्या ना, घ्या ना" संपतच नसे.

उतरताना शारदाबाईंनी स्वतःहून विहिणीच्या खांद्यावर हात टाकला. "गुडघा दुखतो बाई माझा. जिथं म्हणेन तिथं बसायचं."

"बसू. मलेही दम लागतो."

त्या खरोखरच जागोजाग बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा खालच्या डबक्यावर चितळं पाणी पिताना दिसली, मधोमध एक पाडस, पाण्याला तोंड लावून लगेच मागं उडी मारणारं. पूर्णिमाताईंचा फोन थरथरला. त्यांनी तो कापला आणि "ठीक आहोत, येतो" एवढंच लिहून पाठवलं.

"जायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," शारदाबाई म्हणाल्या, आणि चप्पल काढून पाय नीट पसरून बसल्या.