पार्सलची जात

"तोंड उघड म्हणावं त्याला!"

"अगं, तो कुत्रा आहे. दातांच्या डॉक्टरकडे आलेला पेशंट नाही."

वेंडेल क्रम स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून बसला होता. गुडघे कामातून गेलेल्या माणसानं फरशीवर बसायचं म्हणजे पुन्हा उठायचं देवाच्या हवाली करायचं. पण आज इलाज नव्हता. डाव्या काखेत त्यानं पार्सलचं भलंमोठं डोकं धरलं होतं, उजव्या हातात कापसाचं टोक असलेली लांब काडी होती. धाकटी बहीण नोरीन खुर्चीत बसून, चष्मा नाकावर ओढून, कंपनीच्या सूचना मोठ्यानं वाचत होती.

"गालाच्या आतल्या बाजूनं काडी नीट फिरवावी. त्याआधी कुत्र्याला काही खायला देऊ नये."

"मग मघाशी चीज कशाला दिलंस?"

"तू काडी दाखवलीस आणि तो टेबलाखाली जाऊन बसला! बाहेर कसा काढणार होते त्याला? आमंत्रणपत्रिका पाठवून?"

एवढ्यात पार्सलनं आपणहून तोंड उघडलं. दोघं भावंडं खूश झाली. पार्सलनं ते तितक्याच आपणहून मिटलं, आणि वेंडेलच्या हातात फक्त काडीची शेपटी उरली.

"गिळली," वेंडेल म्हणाला.

"गिळली," नोरीननं मान डोलावली. "जाऊ दे. मी दुसरी मागवते. तू आता उठायचं बघ."

हा सगळा खटाटोप एका घरासाठी चालला होता. गावाबाहेर तळ्याकाठी म्हाताऱ्यांसाठी बांधलेली बैठी घरं होती. नोरीनचं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती तिथं राहत होती. फेब्रुवारीत वेंडेल आपल्या घराच्या जिन्यावरून घसरला आणि तळाशी पडून राहिला. पार्सलनं भुंकून भुंकून शेजाऱ्यांना जागं केलं म्हणून बरं. नंतर महिन्याभरात नोरीनच्या अगदी समोरचं घर रिकामं झालं. जिना नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, आणि दार उघडलं की समोर बहिणीचं दार. ओहायोतल्या आईवडिलांच्या शेतघरातून दोघं आपापली लग्नं करून बाहेर पडली, त्याला आता आयुष्य लोटलं होतं. दोघांचेही जोडीदार गेले होते. सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन चार पावलांवर बहिणीकडे जायचं, एवढीच वेंडेलची मागणी होती. फार तर संध्याकाळी पत्त्यांचा एखादा डाव, आणि त्यात ती लबाडी करणार हे ठरलेलंच.

अडचण होती ती पार्सलची.

वेंडेलनं गावात टपाल वाटण्यात जन्म घालवला होता. गावातला एकूण एक कुत्रा त्याला ओळखत होता आणि त्यातल्या निम्म्यांनी त्याची चव घेतली होती. पोटरीवरची सगळ्यात खोल खूण एका पांढऱ्याशुभ्र पूडलची होती, आणि ते पूडल चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंचं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक गळपट्टा नसलेलं पिल्लू दिवसभर त्याच्यामागून घरोघर फिरलं आणि संध्याकाळी टपालाच्या गाडीत चढून बसलं. कुणी विचारायला आलं नाही. "ज्यावर पत्ता नाही ते पार्सल पोस्टातच राहतं," वेंडेल म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

पार्सल वाढला तो पैलवानासारखा. तपकिरी अंगावर काळे पट्टे, चौकोनी डोकं, दार अडेल एवढी छाती. व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला की तो वेंडेलच्या पलंगाखाली जाई. पण हे रस्त्यावरच्या माणसाला कुठून माहीत असणार? लोक विचारायचे, "जात कुठली हो याची?" वेंडेल सांगायचा, "विचारलं नाही कधी. त्यानंही मला विचारलं नाही."

तळ्याकाठच्या वसाहतीला मात्र विचारावंच लागत होतं. तिथलं ऑफिस ब्रिआना नावाची मुलगी सांभाळत असे. पोरगी गोड होती. पार्सलला बघून खाली बसली, त्याचे कान कुरवाळले, आणि मग कसनुसं तोंड करून म्हणाली, "मिस्टर क्रम, नियम माझे नाहीत हो, विम्यावाल्यांचे आहेत. काही जातींना बंदीच आहे. पिटबुल तर अंशानंसुद्धा चालत नाही. आणि याच्याकडे बघून... तुम्हीच सांगा."

"दिसण्यावर काय आहे पोरी? मी काय देखणा आहे?"

"म्हणूनच तर तपासणी करायची. लाळ पाठवायची, कंपनी रिपोर्ट थेट माझ्याकडे पाठवते. पिटबुल निघाला नाही, की चावी तुमची."

दुसरी काडी आली तेव्हा नोरीननं फर्मान काढलं, "तू मध्ये पडूच नकोस. आज दुपारी पार्सलला माझ्याकडे सोड. लेडीच्या संगतीत तो शांत असतो. मी घेते लाळ."

लेडी म्हणजे नोरीनची लॅब्राडोर. काळी कुळकुळीत, गोल गरगरीत. नोरीननं ती एका शेतकऱ्याकडून तिच्या वंशावळीसकट घेतली होती, ती बघून वसाहतीनं तपासणीही मागितली नव्हती, आणि ती वंशावळ फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली होती. नवऱ्याचा फोटो टीव्हीच्या बाजूला होता.

"पणजोबा बक्षीसपात्र होता तिचा," नोरीन आल्यागेल्याला सांगायची.

"आपला पणजोबा तुरुंगात होता," वेंडेल आठवण करून द्यायचा.

दुपारी पार्सल गेला, संध्याकाळी परत आला. लाळ कंपनीकडे गेली.

जूनमध्ये ब्रिआनाचा फोन आला. नोरीनलाही बोलावलंय म्हणाली. वेंडेलला आवाजावरूनच कळलं, पण त्यानं स्वच्छ शर्ट घातला आणि पार्सलला ब्रश केला. ऑफिसात नोरीन आधीच येऊन बसली होती. लेडी तिच्या खुर्चीखाली पसरली होती. नोरीन खुशीत दिसत होती, जरा जास्तच.

"मिस्टर क्रम," ब्रिआना कागद पुढे सरकवत म्हणाली, "मला मनापासून वाईट वाटतंय. बराचसा लॅब्राडोर आहे. पण चौथा हिस्सा पिटबुल आहे. थोडा चाऊचाऊ."

"काय?" नोरीन एकदम ओरडली. "अशक्य! तिच्यात—" आणि तिनं जीभ चावली.

वेंडेलनं कागद जवळ घेतला. पत्ता आधी बघायचा, मग बाकीचं, ही सवय मोडली नव्हती. वर पार्सलचं नाव होतं. खाली जाती होत्या. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, रंग होता: काळा, एकरंगी, पट्टे नाहीत.

त्यानं पार्सलकडे बघितलं. पट्टेच पट्टे. त्यानं नोरीनच्या खुर्चीखाली बघितलं. काळी, एकरंगी लेडी झोपेत घोरत होती. मग त्यानं बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. पार्सल पिटबुल निघेल या भीतीनं हिनं आपल्या खानदानी लेडीची लाळ पाठवली होती, आणि खानदानाचं हे असं निघालं होतं.

"रंगाचं मात्र काहीतरी चुकलंय," ब्रिआना म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर मी कंपनीला कळवते. पुन्हा तपासायला लावू. कधी कधी नमुन्यांची अदलाबदल होते म्हणे. गेल्या वर्षी तर इथल्या एका आजोबांनी चक्क दुसऱ्याच कुत्र्याची लाळ पाठवली. घर खाली करावं लागलं त्यांना. तुमचं तसं नाही हो, तुम्ही तर पोस्टमन! पण ही लाळ कुणाची, ते शोधायला हवं."

नोरीनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिचा हात खुर्चीखाली लेडीच्या डोक्यावर होता. कंबरेत लोखंड बसवलेली बाई; तिला जिना म्हणजे डोंगर. या घरातून निघाली तर जायला दुसरी जागा नव्हती. आणि लेडी पाव पिटबुल आहे हे कळल्यावर लेडीला इथं कोण ठेवून घेणार?

वेंडेलला खिडकीतून ते समोरचं घर दिसत होतं. दारात कुणीतरी आधीच जिरेनियमची कुंडी ठेवली होती. बहुतेक नोरीननंच.

"चुकलेलं काही नाही," तो म्हणाला. "पिल्लू असताना काळाच होता तो."

"काळा?" ब्रिआनानं पार्सलकडे बघितलं.

"कुळकुळीत. पट्टे मागाहून आले. माझे नाही का केस पांढरे झाले?"

ब्रिआनाला हसू आलं आणि तिनं कागद फाइलमध्ये घातला. जन्मभर खरं बोललेल्या माणसाला एक फायदा असतो, पहिल्याच थापेला त्याला कुणी अडवत नाही. वेंडेलनं तिचे आभार मानले, पार्सलचा पट्टा धरला आणि तो बाहेर पडला.

गाडीपाशी नोरीननं त्याला गाठलं. ती रडत होती आणि रागावलेलीही होती, कुणावर ते तिलाच ठरवता येत नव्हतं.

"तो शेतकरी! तो हरामखोर! वंशावळ दिली होती रे त्यानं मला, शिक्क्यासकट!" मग ती गाडीला टेकली. "वेंडेल, मी जाऊन सांगते तिला. आत्ता सांगते. तुझं घर मी घालवलं."

"आणि राहणार कुठं? माझ्या जिन्याखाली?"

"पण तू पडशील पुन्हा!"

"पलंग खाली आणून टाकतो. जेवायच्या खोलीत जेवायला येतंय कोण?" त्यानं तिला रुमाल दिला. "गप आता. पाव पिटबुल असूनही लेडी किती गुणी निघाली बघ. तुझ्यात आपल्या पणजोबाचं किती रक्त आहे ते एकदा तपासायला पाहिजे."

नोरीन रडता रडता हसली आणि तिनं त्याच्या दंडावर पर्स मारली.

उन्हाळा बरा गेला. वेंडेलनं पलंग खाली आणला, जिन्याखालच्या कोठडीत छोटंसं न्हाणीघर करून घेतलं. नोरीन रोज दुपारी लेडीला घेऊन गाडीनं यायची. समोरासमोरच्या दारांची सर त्याला नव्हती, अंधार पडायच्या आत तिला परतावं लागे, आणि बर्फ पडायला लागलं की तेही बंद होणार होतं; पण पत्त्यांचा डाव व्हायचा आणि ती लबाडी करायची. पार्सलला कशाचंच दुःख नव्हतं. त्याला उलट पलंगाखाली जायला आता जिना चढावा लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र नोरीनला खात होती. ती गोड खाईना, नीट झोपेना. "खरी तपासणी कर त्याची," ती सारखी म्हणायची. "ब्रिआनाला नको दाखवूस. फक्त मला कळू दे. तो पिटबुल नसेल तर ते घर त्याचं होतं, तुझं होतं, आणि ते मी माझ्या हातानं घालवलं. असेल तर निदान..." पुढचं तिला बोलवत नसे.

"कळून काय करायचंय?" म्हणत वेंडेलनं बरेच दिवस कानाडोळा केला. शेवटी ती वाळायला लागली तेव्हा त्यानं स्वतःच काडी मागवली, पार्सलला फिरायला नेऊन दमवलं, आणि तो जांभई देत असताना काम उरकलं. रिपोर्ट त्यानं टपालानं मागवला.

सप्टेंबरच्या एका सकाळी तो आला. वेंडेलनं व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून पाकीट फोडलं. रंग: तपकिरी, काळे पट्टे. म्हणजे पत्ता बरोबर होता. जाती: निम्मा बॉक्सर, मग हाउंड, थोडा मॅस्टिफ, चिमूटभर चिहुआहुआ. त्यानं कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. पिटबुल कुठंच नव्हता. नखाएवढासुद्धा नव्हता.

त्याला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. चार पावलांवरचं दार त्याला डोळ्यांसमोर दिसलं, कॉफीचा कप दिसला. तो पार्सलच्या चौकोनी डोक्यावर हात फिरवत राहिला. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि आत जाऊन ती चुलीत टाकली.

दुपारी नोरीन दालचिनीचा केक घेऊन आली. केक ती त्याच्यापुरताच करायची. दारातूनच तिनं विचारलं, "आलं?"

"आलं."

"मग? बोल की! काय आहे तो?"

वेंडेल सुरी शोधत होता. "पिटबुल," तो म्हणाला. "निम्म्याहून जास्त."

"खरं?"

"अगदी. जाळून टाकला कागद, उगाच कुणाच्या हाती लागायला नको."

"म्हणजे... मी काही केलं नसतं तरी..."

"तरी तेच. ते घर आपल्याला मिळायचंच नव्हतं, नोरी."

नोरीन खुर्चीत बसली. टेबलक्लॉथ सारखा करत राहिली. मग तिनं एक लांब श्वास सोडला आणि पार्सलचे दोन्ही गाल धरून त्याचं डोकं हलवलं. "गुंडा! पिटबुल तो पिटबुल, आणि वर साळसूदपणाचा आव! तुझ्या थोबाडावरूनच ओळखलं होतं मी."

पार्सलनं तिचा हात चाटला. लेडी येऊन मध्ये घुसली.

"मलाही कापशील का एक तुकडा?" नोरीन म्हणाली. "चांगला मोठा काप."

त्या दिवशी तिनं केक दोनदा घेतला, पत्त्यांत चारदा लबाडी केली आणि एकदा मोठ्यानं हसली. उन्हं उतरायला लागली तशी ती उठली. गाडीत बसून काच खाली करत पार्सलला म्हणाली, "ए पिटबुल! माझ्या भावावर लक्ष ठेव रे."

वेंडेल कठड्याला धरून उभा होता. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात हलवत राहिला.