स्वखुशीने

"सही इथे, आणि इथे." काउंटरमागच्या टायवाल्याने दोन ठिकाणी फुल्या मारून कागद काचेखालून पुढे सरकवला. "दोघींचे कागद वेगवेगळे आहेत."

डार्करूमबाईंनी आपला कागद उचलला. उचलला म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी फक्त कडांना धरला आणि छताच्या ट्यूबलाइटकडे वर करून बघायला लागल्या. तेहतीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रेच्या ओल्या फिल्म अशाच धरल्या होत्या. आता घरी विजेचं बिल आलं तरी त्या तसंच धरत. टायवाल्याला हे कसं कळणार? त्याला वाटलं, बाईंना कागद नकली वाटतोय.

"खरा आहे हो मावशी. कंपनीचाच कागद आहे."

"कागद खरा आहे ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "त्यात लिहिलंय ते खरं आहे का, ते बघतेय."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या नणंदेने सुस्कारा सोडला. भावजयीचा हा स्वर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. हा स्वर लागला की बाजारात भाजीवाला आपणहून वजन दुसऱ्यांदा करत असे.

बंदराच्या त्या लांबलचक हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि बॅगांचे ढीग होते. काचेपलीकडे जहाज उभं होतं. ते इतकं मोठं होतं की इथून त्याची फक्त पांढरी भिंत दिसत होती, सुरुवात आणि शेवट कुठे ते कळतच नव्हतं. चारला सुटणार होतं. साडेतीनला दार बंद होणार होतं, आणि अडीच तर केव्हाच वाजून गेले होते.

झालं होतं ते असं, की जहाजावर जेवढ्या खोल्या होत्या त्यापेक्षा जास्त खोल्या कंपनीने विकल्या होत्या. "दर वेळी काही लोक ऐनवेळी येत नाहीत, म्हणून थोडं जास्त बुकिंग घेतात," टायवाल्याने मघाशीच समजावलं होतं. "या वेळी सगळेच आले." म्हणजे चूक येणाऱ्यांची. बाईंची समुद्राकडची बाल्कनीची खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली होती. त्याबदली तीन मजले खाली, जहाजाच्या पोटात, खिडकी नसलेली खोली मिळत होती. वर अर्धे पैसे परत आणि एका संध्याकाळी कप्तानाच्या टेबलावर जेवण. नको असेल तर सगळे पैसे परत आणि रामराम.

"वहिनी, कर सही," नणंद म्हणाली. "किती वाजले बघ."

"वन्सं, तुम्ही वाचलंत का?"

"त्यात काय वाचायचंय? तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरमागे बसून मी लोकांच्या असल्याच सह्या घेतल्या. कुणी वाचत नाही. वाचायला लागले तर रांग संपेल का?"

नणंद काचेच्या अलीकडे उभी असली तरी मनाने ती अजून पलीकडेच बसलेली असे. कुठल्याही खिडकीवर कुणी भांडायला लागलं की तिला आतल्या माणसाची दया यायची.

बाईंनी मोठ्याने वाचलं, "'मी खिडकी नसलेली खोली स्वखुशीने स्वीकारत असून याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.' हे कोण म्हणतंय?"

"तुम्ही," टायवाला म्हणाला. "म्हणजे प्रवासी."

"मी तर अजून काहीच म्हटलेलं नाही."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. टायवालाही हसला, पण कष्टाने. सकाळपासून त्याने अशा अकरा सह्या घेतल्या होत्या आणि ही बारावी त्याच्या घशात अडकली होती.

बाईंचं 'स्वखुशीने' या शब्दाशी जुनं वैर होतं.

हॉस्पिटलची पहिली डार्करूम दुसऱ्या मजल्यावर होती. आत अंधार आणि एक लाल दिवा, पण फिल्म धुऊन वाळत टाकल्या की बाई बाहेरच्या बोळात येत. तिथे एक उभी खिडकी होती. तिच्यात पाच मिनिटं उभं राहायचं, डोळे मिचकावायचे, खाली गेटजवळच्या झाडाला किती पानं आलीत ते बघायचं आणि पुन्हा आत. मग त्या मजल्यावर नवीन मशीन आलं आणि डार्करूम तळघरात न्यायची ठरली. सहा महिन्यांसाठीच. कारकून कागद घेऊन आला तेव्हा बाईंचे हात हायपोने, फिल्म पक्की करायच्या रसायनाने, ओले होते. त्याने कागद भिंतीला धरला, बाईंनी हात पदराला पुसून, न वाचता, लाल दिव्याच्या उजेडात सही ठोकली. पुढची एकोणीस वर्षं त्या तळघरात होत्या.

एकदा दुपारी वादळात गेटजवळचं ते झाड पडलं. माणसं आली, करवती चालल्या, ओंडके ट्रकमध्ये भरून नेले. बाई संध्याकाळी वर आल्या तेव्हा गेटजवळ नुसता उजेड होता. "झाड कुठंय?" त्यांनी विचारलं तर चौकीदार म्हणाला, "बाई, तुम्ही कुठल्या गावाला होता?" दुसऱ्या दिवशी बाई अर्ज घेऊन साहेबांकडे गेल्या, की मला वर आणा. साहेबांनी फाइल उघडून तोच कागद पुढे ठेवला. 'स्थलांतर स्वखुशीने मान्य.' खाली त्यांचीच सही, हायपोचा पिवळा डाग पडलेली. "तुम्हीच लिहून दिलंय की," साहेब म्हणाले. त्या साहेबांशी बाईंना भांडताच आलं नाही. स्वतःच्या सहीशी कसं भांडणार? त्या दिवशी त्या मुकाट खाली गेल्या, आणि त्या मुकाट जाण्याचा राग त्यांना आजही येई.

म्हणून तर ही सहल. रिटायर झाल्यावर लोकांनी सुचवलं, सोनं कर, घराला रंग दे. बाईंनी बाल्कनीची खोली घेतली. सहा सकाळी अंथरुणातून न उठता उजाडताना बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. खिडकीकडचा पलंग कुणाचा हे महिनाभर आधी ठरलं होतं, आणि नणंदेने तो विनातक्रार सोडला होता, जे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नात्यात फार वेळा घडलं नव्हतं.

"बरं," बाई टायवाल्याला म्हणाल्या. "खोली नाही तर नाही. तुमच्या हातात नसेल. पण मग खरं लिहा. 'खिडकीची खोली विकली होती, ती कंपनीने काढून घेतली. मला हे मान्य नाही, तरी मी जाते आहे.' असं लिहा, मी आत्ता सही करते आणि तुमच्या त्या तळघरात सहा दिवस झोपते. मला सवय आहे."

"मावशी, छापील फॉर्म आहे. त्यात बदल करता येत नाही."

"खोडा तेवढी ओळ. मी बाजूला लिहिते."

"खोडलेला कागद चालत नाही."

"खोटा चालतो?"

टायवाल्याने कागद घेतला, "साहेबांना विचारतो," म्हणाला आणि मागच्या दारातून आत गेला.

नणंदेने बाईंचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं.

"वहिनी, तुझं घोडं नक्की अडलंय कुठे? खिडकी नसली तरी चालेल म्हणतेस, खाली झोपायला तयार आहेस, मग एका शब्दासाठी?"

"हो. एका शब्दासाठी."

"तो कागद उद्या कुठल्या कपाटात जाईल ते कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

"कपाटातले कागद मला माहीत आहेत, वन्सं. फिल्म हायपोतून निघाली की पक्की होते. मग तुम्ही कितीही सांगा, हाड मोडलं नव्हतं म्हणून."

"आणि मी?" नणंदेचा आवाज एकदम चिरकला. "माझा विचार केलास? पुढच्या महिन्यात मी पोराकडे राहायला जातेय. एकदा तिथे गेले की नातवंडांची शाळा, त्यांचे डबे, त्यांचे क्लास. गुडघे तर आत्ताच बोंबलतायत. मला कोण पाठवणार आहे पुन्हा? सगळ्या बिल्डिंगला सांगून आलेय मी. नवीन चप्पल घेतलीय जहाजावर घालायला!"

बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. चप्पल खरंच नवी होती, निळी, आणि एका अंगठ्याला चावत असावी, कारण नणंदेने तिथे पट्टी लावली होती.

आता मात्र बाई डगमगल्या. त्यांना स्वतःलाही जायचं होतं. फार जायचं होतं. आठ दिवस झोप लागली नव्हती, दोनदा बॅग भरून पुन्हा उपसली होती. काचेपलीकडची ती पांढरी भिंत इतकी जवळ होती की हात लांब केला तर लागेल. सही करायला किती वेळ लागतो? हात तर आज कोरडेही होते. त्यांनी काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन उचललं, टोपण काढलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

टायवाला परत आला. कागद तोच होता, एक अक्षरही न बदललेला.

"साहेब नाही म्हणाले. फॉर्म जसा छापलाय त्यावरच सही लागेल." मग त्याने आवाज खाली आणला. "मावशी, माझं ऐका. सगळे करतात. मीसुद्धा इथे लागलो तेव्हा काय काय लिहून दिलंय, मला आठवतही नाही."

तो हे चांगल्या मनाने बोलला होता. पण बाईंचा निर्णय त्याच वाक्याने झाला. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते जागेवर ठेवलं.

"मला आठवतं," त्या म्हणाल्या. "माझे पैसे परत करा."

"वहिनी!"

"तुम्ही जा, वन्सं. तुमचा कागद वेगळा आहे."

"एकटी? वेड लागलंय का तुला?"

"एकटी कसली? हजार माणसं आहेत आत. कप्तानाबरोबर जेवा. अख्खा पलंग तुमचा, दोन्ही पलंग तुमचे. तुम्ही सही केलीत ना, तर ती खोटी नाही होणार. तुमची खुशी आहे. माझी नाही."

नणंद तिथेच खुर्चीवर बसली. रडली नाही, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली. घड्याळात सव्वातीन झाले. मग ती उठली, काउंटरपाशी गेली आणि दोन्ही फुल्यांवर सही केली. पोस्टातली सही होती ती, एका झटक्यात, खाली दोन टिंबं.

"रागावलीस?" तिने पाठमोरीच विचारलं.

"मुळीच नाही."

"मी पोस्टात होते ना, मला असलं भांडता येत नाही गं."

"ठाऊक आहे मला." बाईंनी तिच्या बॅगेचं हँडल वर ओढून तिच्या हातात दिलं. चाळीस वर्षं ज्या नणंदेला त्यांनी 'अहो वन्सं' म्हटलं होतं तिच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "जा गं. गुडघ्याचं तेल वरच्या कप्प्यात आहे. लावत जा."

"वरच्या डेकवर उभी राहते," नणंद म्हणाली. "हात करीन. बघशील ना?"

"बघीन."

दार बरोबर साडेतीनला बंद झालं.

बाई हॉलबाहेर आल्या. धक्क्याच्या कडेने सार्वजनिक रस्ता होता, त्याला लोखंडी कठडा होता. तिथे निरोप द्यायला आलेली माणसं उभी होती. बाईंनी बॅग पायाशी घट्ट धरली आणि त्यांच्यात जागा केली. इथून जहाज पूर्ण दिसत होतं, टोकापासून टोकापर्यंत. लख्ख ऊन होतं. त्यांनी डोळे मिचकावले नाहीत.

दोर सुटले. जहाज हललं तेव्हा आधी वाटलं, धक्काच मागे सरकतोय. मग मध्ये पाण्याची एक पट्टी दिसली, ती रुंद होत गेली. वरच्या डेकवर शेकडो हात हलत होते. त्यातला नणंदेचा कुठला ते कळेना. बाईंनी सगळ्यांनाच हात केला.

मग त्यांची नजर खाली उतरली. पाचवा मजला. पुढून नववी बाल्कनी. जाहिरातीच्या चित्रात त्यांनी ती इतक्या वेळा मोजली होती की आता मोजायचीही गरज नव्हती.

तिथे एक माणूस उभा होता. कठड्याला पाठ टेकून, खोलीकडे तोंड करून तो फोनवर बोलत होता. त्याच्या मागे ऊन होतं, पाणी होतं, पक्ष्यांचा एक थवा अगदी त्याच्या डोक्यावरून गेला. त्याने मान वळवली नाही. जहाजाने तोंड फिरवलं, समोरचा सगळा समुद्र त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला, तरी तो बोलतच होता.

"अहो!" बाई ओरडल्या.

शेजारची दोन माणसं दचकून बाजूला झाली. तेहतीस वर्षं बंद खोलीत हळू आवाजात बोललेल्या बाईंना स्वतःचा आवाज एवढा मोठा आहे हे ठाऊक नव्हतं.

"अहो, मागे बघा! मागे!"

जहाजाने भोंगा दिला. तो संपेपर्यंत बाई थांबल्या नाहीत. दोन्ही हातांनी कठडा धरून, टाचा उचलून त्या पुन्हा ओरडल्या.